रीफ टँकमध्ये ट्रिगर फिश: कोणता घ्यायचा, कधी सोडायचा, कोणाच्या शेजारी ठेवायचा

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ट्रिगर मासा चालतो का, असं पुण्यातल्या दोन हौशी माणसांना विचारा. एक म्हणेल, "नावही काढू नका, टाकी साफ करून टाकेल." दुसरा म्हणेल, "माझ्याकडे आहे की, कोणाच्या वाटेला जात नाही." दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर मासा वेगळा असतो. ट्रिगरच्या कुळात सुमारे ४० जाती आहेत. त्यातल्या काही तळाशी फिरून शिंपले, खेकडे, सागरी साळू (सी अर्चिन) फोडून खातात, तर काही प्रवाळाच्या वर मोकळ्या पाण्यात थव्याने राहून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपतात. ट्रिगर ठेवायचा की नाही हे नंतर ठरवा. आधी तो कोणता आणि टाकीत त्याच्याआधी कोण आहे, हे पाहा.

जात ठरवताना तोंड बघा

दुकानात नाव काहीही सांगोत, माशाचं तोंड पाहिलं की बराच अंदाज येतो. तोंड किंचित वर वळलेलं आणि खालचा जबडा पुढे आलेला असेल, तर तो वरून वाहत येणारं अन्न टिपणारा. तोंड खाली, जबडा जाड आणि दात समोर काढलेले असतील, तर तो फोडून खाणारा.

रीफसाठी माझी पहिली पसंती ब्लूजॉ, म्हणजे झॅन्थिक्थिस ऑरोमार्जिनॅटस. नराचा गळा निळा आणि परांना पिवळी किनार, मादी साधी राखाडी. घरच्या टाकीत तो साधारण वीतभर होतो. स्वभावाने ट्रिगरांमध्ये सगळ्यात सौम्य, आणि नर-मादी जोडीने ठेवता येणाऱ्या मोजक्या ट्रिगरांपैकी हा एक. त्याचाच भाऊबंद क्रॉसहॅच, झॅन्थिक्थिस मेंटो. दिसायला फार देखणा, पण किंमत ऐकून माणूस मुकाट्याने घरी परततो. शिवाय त्याला पाणी जरा थंड लागतं. आपल्या उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड करणारं मशिन) नसेल तर त्याचा विचार सोडा.

नंतर येतो नायजर, आणि इथे गोंधळ होतो. दुकानांत "नायजर" म्हणून मिळतो तो बहुधा ओडोनस नायजर: निळा-जांभळा, शेपटीची टोकं लांब, दात लाल. मेलिक्थिस नायजर हा वेगळा मासा. तो काळा, आणि पाठीवरच्या व पोटाखालच्या पराच्या मुळाशी फिकट निळी रेघ. दोघंही रीफमध्ये बऱ्यापैकी निभावतात. ओडोनस नायजर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात ढिगाने येतो आणि बराचसा फिशमीलच्या कारखान्यात जातो. म्हणून तो टाकीसाठीही स्वस्तात मिळतो आणि लोक बोटाएवढं पिल्लू चार फुटी टाकीत घालतात. समुद्रात हा मासा ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. टाकीत तेवढा होत नाही, पण फूटभराची तयारी ठेवायलाच हवी. गुलाबी शेपटीचा मेलिक्थिस विडुआ हा मधला पर्याय: कोरलला सहसा त्रास नाही, शेवाळही खातो, मात्र आकाराने दणकट.

रीफमध्ये नकोत ते असे. क्लाऊन ट्रिगर, पिकासो, क्वीन, टायटन आणि सगळ्यात आधी अनड्युलेटेड, म्हणजे बॅलिस्टेपस अनड्युलेटस. क्लाऊन ट्रिगरचं पिल्लू काळ्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे इतकं गोजिरं दिसतं की घरातली मुलं हट्ट धरतात. वर्षभर ते शहाण्यासारखं वागतंही. मग एके दिवशी टाकीतला एकेक मासा कमी व्हायला लागतो. अनड्युलेटेडला एवढाही धीर नसतो.

टाकी आणि तिच्याखालचा स्लॅब

ब्लूजॉसाठी सहा फूट लांबीची टाकी धरा. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. हा मासा दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहतो, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. नायजर किंवा विडुआसाठी सहा फूट ही सुरुवात समजा. जमलं तर आठ.

पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि संप (खालची फिल्टरची टाकी) मिळून वजन एक टनाच्या आसपास जातं. आपल्याकडे घराच्या स्लॅबचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो असा धरलेला असतो आणि ही टाकी जेमतेम १.१ चौरस मीटरवर उभी राहते. म्हणून ती खोलीच्या मध्यावर नको. बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवाच; सोसायटीची परवानगी हा त्यापुढचा अध्याय. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तुळयांवर, ही हौस करूच नका.

टाकीवर जाळीचं झाकण लागेल. ब्लूजॉ घाबरला की उडी मारतो आणि सकाळी तो सोफ्यामागे सापडतो. काचेच्या झाकणापेक्षा बारीक जाळी चांगली, कारण हवा खेळती राहते. हीटर संपमध्ये ठेवा. ट्रिगरला वायर चावायला आवडते.

दगड, कोरल आणि कायदा

हे लोक टाळून जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल येतात. आपल्या समुद्रातून काढलेलं "लाईव्ह रॉक", तुटक्या प्रवाळाचे तुकडेसुद्धा, बाळगणं गुन्हा आहे. "सगळेच ठेवतात हो" हे उत्तर वनखात्यापुढे टिकत नाही.

तेव्हा कारखान्यात केलेले सिरॅमिक किंवा सिमेंटचे रीफ दगड घ्या आणि मऊ कोरलवर भर द्या: मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया. हे त्या यादीत नाहीत, तरी विकणाऱ्याकडून पावती घ्या. योगायोगाने ट्रिगरबरोबर हीच मंडळी जास्त सुखी असतात. प्लवंग खाणारे ट्रिगर पॉलिप खात नाहीत, त्यांचा त्रास वेगळा. तोंडात वाळू घेऊन थुंकतात, सुटा फ्रॅग (कोरलचा लावायचा तुकडा) उचलून दुसरीकडे टाकतात, आणि हे का, ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येक फ्रॅग घट्ट सुपरग्लू जेलने आणि त्याखाली इपॉक्सी पुट्टीने बसवा. दगड एकमेकांवर नुसते रचू नका. आरपार भोक पाडून अॅक्रेलिकच्या कांडीने ओवून घ्या.

रचना करताना माशाच्या झोपण्याची सोय बघा. ट्रिगर रात्री एका ठरलेल्या कपारीत शिरतो, पाठीवरचा पहिला काटा ताठ उभा करतो आणि मागचा छोटा काटा त्याला खिटीसारखा अडकतो. मग कोणी कितीही ओढलं तरी मासा बाहेर येत नाही. त्याच्या आकाराच्या निदान दोन-तीन कपारी आणि समोर पोहायला मोकळी जागा, एवढं असलं की तो लवकर रुळतो.

पुण्याचं पाणी

खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड. नवीन भागातल्या सोसायट्यांत आज नळ, उद्या टँकर असा खेळ चालतो, त्यामुळे नळाच्या पाण्यावर भरवसा ठेवून मिठाचं पाणी करू नका. आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआय काडतूस लागतं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य हवा. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. पिण्याच्या बहुतेक मशिनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. मीटर लावून बघा, शून्य क्वचितच दिसेल. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर पटकन तुंबतो, जुलैआधीच जास्तीचा आणून ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना आणि फरशी पुसायला जातं, ही घरच्यांना पटवायची बाजू.

मीठ शंभर लिटरला साधारण पावणेचार किलो लागतं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ यायला हवं, आणि तो मीटर साध्या पाण्यावर नाही तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. बाकी आकडे नेहमीचेच: तापमान २५-२६, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४२० च्या आसपास. टाकीचं सायकलिंग, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येणं, याला चार ते सहा आठवडे जातात. ट्रिगर त्या काळात नकोच.

ट्रिगर खादाड असतो आणि खाल्लेलं तितक्याच उदारपणे परत करतो. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. नायट्रेट ५ ते १५ पीपीएममध्ये राहिलं तर मऊ कोरल खूश असतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असेल, तर त्यासाठी एक पिंप बाल्कनीत कायमचं ठेवावं लागेल, हे आधीच गृहीत धरा.

एप्रिल-मे आणि गुरुवार

पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. याचा फायदा करून घ्या. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे सोडले की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईतल्या दमट हवेत हेच पंखे निम्मंही काम करत नाहीत. मात्र पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं, खारटपणा चढत जातो. उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या आरओ पाण्यानेच करायची, खाऱ्या नाही. ऑटो टॉप-ऑफ बसवलात तर रोजची कटकट मिटेल. पश्चिमेच्या खोलीत टाकी असेल किंवा खोली बत्तीसच्या वर जात असेल तर पंख्यांवर भागत नाही, चिलर घ्यावाच लागतो. थंडीत उलट, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर चालू आहे ना ते बघा.

गुरुवार पुणेकरांना सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि बऱ्याच वेळा वीजही बंद. पाणी बदलण्याचा दिवस म्हणून गुरुवार ठेवूच नका, आणि बुधवारी रात्री आरओची टाकी भरून ठेवा. वीज गेली की सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो, आणि मोठ्या अंगाच्या ट्रिगरला तो जास्त लागतो. इन्व्हर्टरवर सगळं चढवण्याचा हट्ट करू नका. एक डीसी वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि एक एअरपंप एवढंच जोडा, रात्रभर निघते. चिलर तसाही इन्व्हर्टरवर चालत नाही.

मासा निवडणं आणि घरी आणणं

समुद्री मासे पुण्यात बहुतेक मुंबई किंवा चेन्नईमार्गे येतात, म्हणजे दुकानातल्या माशाने आधीच बराच प्रवास केलेला असतो. आला त्याच दिवशी घेऊ नका. पैसे देऊन ठेवायला सांगा आणि आठवड्याने जाऊन समोर खायला घालायला लावा. डोळा तुमच्या बोटामागे फिरला पाहिजे. ट्रिगरचे डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि निरोगी मासा सतत टेहळणी करत असतो. पोट आत गेलेलं, कपाळाच्या मागे खड्डा, धापा टाकल्यासारखा श्वास: यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. ब्लूजॉ खोल पाण्यातून पकडलेला असतो. तो शेपूट वर करून तरंगत असेल तर वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) इजा झालेली असण्याची शक्यता आहे. मासा ८ ते १० सेंटिमीटरचा घ्या. त्याहून लहान नाजूक असतो, मोठा आपल्या सवयी घेऊन येतो.

जाळीने पकडू देऊ नका. काटा जाळीत गुंतला की सोडवताना माशाचंही नुकसान आणि माणसाच्या बोटाचंही. प्लॅस्टिकच्या डब्याने उचलायला सांगा आणि पिशवी दुहेरी घ्या.

क्वारंटाईन

हा टप्पा वगळणारे बरेच आहेत, आणि "पांढरे ठिपके आलेत, काय करू?" असं विचारणारेही तेच. शंभर-सव्वाशे लिटरची रिकामी टाकी, मुख्य संपमध्ये काही आठवडे मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर, आणि दडायला तीन-चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे. यात वाळू नको, दगडही नको. दगड औषध शोषून घेतो.

दुकानातलं पाणी बहुधा कमी खारट असतं. पहिल्या दिवशी क्वारंटाईन टाकीचा खारटपणा दुकानाएवढाच ठेवा आणि पुढचे काही दिवस हळूहळू वर आणा. पिशवी वीसेक मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि मासा सोडा. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका.

मासा चार ते सहा आठवडे इथेच. समुद्री इक (पांढरे ठिपके) आणि व्हेल्वेट या दोन्ही परजीवी रोगांवर तांब्याचं औषध चालतं आणि ट्रिगर ते बऱ्यापैकी सोसतो. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, दोन-तीन दिवसांत चढवत न्या आणि त्याच औषधाला लागू होणाऱ्या टेस्ट किटने रोज मोजा. अमोनिया मारणारं कंडिशनर तांब्याबरोबर टाकू नका, काही तांब्यांशी ते मिळून विषारी होतं. अंगावरच्या फ्लूक या परजीवी किड्यांसाठी प्राझिक्वांटेल वेगळं. तांबं मुख्य टाकीत कधीही नाही. कोरल आणि कोळंब्या त्यात जगत नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस मासा पाइपमध्ये अडकून बसला तर बसू द्या. पाइप हलवण्याची वेळ आलीच तर पाइपसकट हलवा. अगदीच सोडवावा लागला तर पुढचा मोठा काटा दाबून काही होत नाही. मागचा छोटा काटा हलकेच खाली दाबला की पुढचा आपोआप आडवा होतो. ओल्या हातांनी करा आणि तोंडापासून बोट दूर ठेवा. त्या वेळी मासा घुर्र घुर्र असा आवाज करतो, त्याला भिऊन सोडून देऊ नका.

टाकीत सोडण्याचा क्रम

ट्रिगर सगळ्यात शेवटी. क्लाऊनफिश, अँथिअस, टँग, फॉक्सफेस, मोठे रास (wrasse) हे सगळे मासे आधी येऊन स्थिरावलेले असावेत. छोटे गोबी, फायरफिश आणि बोटभर लांबीचा कुठलाही मासा मात्र यादीतून खोडा. ब्लूजॉ उलट लाजाळू असल्यामुळे टाकीतला दादा, बहुतेक वेळा एखादा टँग, त्यालाच दाबतो. म्हणून भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत त्याला तीन ते पाच दिवस टाकीतच ठेवा. बाकीच्यांना तो दिसतो आणि त्यांचा राग काचेवर निघून जातो. संध्याकाळी लाईट मंद करून, सगळ्यांना पोटभर घालून मग पेटी उघडा. जोडी ठेवायची असेल तर मोठा नर आणि त्याच्याहून लहान मादी, दोघांना एकाच वेळी सोडा. दुसऱ्या जातीचा ट्रिगर नको.

कोळंब्या आणि गोगलगायींबद्दल स्वतःला फसवू नका. आधीपासून असलेली मोठी क्लीनर श्रिंप ब्लूजॉबरोबर वर्षानुवर्षं राहिल्याची उदाहरणं आहेत, पण कात टाकल्यावर ती मऊ असते आणि त्या रात्री काहीही होऊ शकतं. ट्रिगर आल्यानंतर सोडलेली कोळंबी म्हणजे खाऊच. हर्मिट खेकडे आणि लहान गोगलगायी हळूहळू संपतील, साळू आणि शिंपले तर आणूच नका. शेवाळासाठी फॉक्सफेस आणि कोल टँग यांच्यावर विसंबा.

खाणं

भुकेला ट्रिगर कुरापती काढतो, पोट भरलेला सभ्य असतो. दिवसातून दोन-तीन वेळा, दरवेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि चांगले पेलेट हा पाया. त्यावर गणेश पेठेच्या मासळी बाजाराचा उपयोग करा: सालासकट छोटी कोळंबी, माकूल, तिसऱ्या, ओला जवळा. घरी आणून आरओ पाण्यात धुवा, बारीक तुकडे करा, पातळ थरात फ्रीजरमध्ये गोठवा आणि हवा तेवढा तुकडा मोडून वापरा. आठवड्यातून एक-दोनदा अर्धी उघडलेली तिसरी शिंपीसकट द्या. ट्रिगरचे दात वाढत राहतात, कवच फोडताना झिजतात. सुकट-जवळा नको, त्यात मीठ असतं. गोड्या पाण्यातले मासेही नको. विडुआ आणि मेलिक्थिस नायजरला सुशीच्या नोरीचा तुकडा क्लिपला लावून द्या.

महिनाभरात त्याला तुमची वेळ कळते. डबा उघडल्याचा आवाज झाला की ब्लूजॉ वरच्या कोपऱ्यात येऊन, तोंड पाण्याबाहेर काढून उभा राहतो आणि उशीर झाला तर पिचकारी मारतो. टाकीशेजारी इलेक्ट्रिक बोर्ड ठेवू नका.

काढायचा झाला तर

एखाद्याचा स्वभाव बिघडतो, विशेषतः नायजर मोठा झाल्यावर. त्याला पकडायला टाकी उपसू नका. तो रोज रात्री कोणत्या कपारीत जातो ते बघून ठेवा. लाईट गेल्यावर तासाभराने तो दगड माशासकट अलगद उचलून टाकीच्याच पाण्याने भरलेल्या टबमध्ये ठेवा. काटा अडकवून बसलेला मासा दगड सोडत नाही. टबमध्ये दगड थोडा पाण्याबाहेर काढला की तो स्वतःहून खाली उतरतो. मोठ्या टाकीवाल्या कोणालातरी द्या किंवा दुकानात परत करा.

गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाणार असाल तर ऑटो फीडरमध्ये पेलेट भरा आणि आठवडाभर आधी चालवून बघा. शेजाऱ्यांना चावी दिलीत तर एकेका वेळचं फ्रोझन खाणं गोळ्यांच्या डब्यात वारानुसार भरून ठेवा आणि उरलेलं पाकीट फ्रीजरच्या तळाशी लपवा. नाहीतर शेजारच्या काकू "किती आशेने बघतो हो बिचारा" म्हणत तीन दिवसांचं एकाच सकाळी घालतील.